ताण

महासंघाकडे यंत्र एकच.
हाताने फिरवायचं, कुणी फ्रेंच माणूस मागे सोडून गेलेलं.
त्याचा एक चिमटा घसरतो,
म्हणून तात मी डाव्या अंगठ्याने दाबून धरतो.
अंगठ्यावर आता कायमची खाच आहे.
बाकोली म्हणते, हेच तुझं सरकारी पदक.

बाप वालिहा बनवायचा.
सायकलच्या ब्रेकची केबल घ्यायचा, तिचा पीळ उकलायचा,
सुटी झालेली एकेक तार बांबूच्या अंगावर ताणायचा,
भोपळ्याची घोडी नखभर सरकवायचा, ऐकायचा,
पुन्हा नखभर.
त्याच्या तोंडी आकडा कधी आला नाही.

मला मात्र सगळे आकडे देतात.
तांतेली : चोवीस किलो.
फानिलो : साडेबावीस. आदल्या दिवशी हरला असेल तर एकवीस.
लिऑनहून आलेला जाँ-यूग आधी फ्रेंचमध्ये सांगतो,
मग लाजून मालागासीत, चुकीचा.
आणि माहेफा, ज्याला फक्त दुहेरीत घेतात,
म्हणतो, तुम्ही द्याल ते, काका.

अंतानानारिवो उंचावर आहे, चेंडू इथे हलका होतो.
पहिल्या दिवशी बोट्स्वानाच्या पोरांचे फटके कुंपणापलीकडे
जॅकरँडाच्या निळ्या सड्यात जाऊन पडत होते.
आम्ही हसलो नाही.
आमचेही जातात.

शनिवारी रात्री दोन-दोन व्हायची आशा घेऊन
नऊ रॅकेटी माझ्या पलंगावर आडव्या.
कप्तान दारातून म्हणाला, पोरांना सांगितलंय, ताण घेऊ नका.
मी मान हलवली.
माझं सगळं पोट त्याच एका गोष्टीवर चालतं.

आठवीनंतर रीळ संपलं.
त्या वेळी बाजारात मेणबत्त्या मिळतात, शेंगदाणे,
परदेशी माणसांचे जुने शर्ट.
तात मिळत नाही.
मग वीजही गेली.
उभे धागे काळे होते, आडवे पिवळे निघाले,
गेल्या वर्षीच्या रिळाचं शेपूट,
आणि काटा दिसत नव्हता.
नववी मी अंधारात बांधली.
एकेक धागा छेडून, मान तिरकी करून,
जसा तो बसायचा.
कुणाला सांगितलं नाही.

रविवारी खरंच दोन-दोन झालं.
पाटीवर तांतेलीचं आडनाव मावेना,
रंगाऱ्याने शेवटची तीन अक्षरं खांबावर लिहिली.
तिसरा सेट, पाच-सहा,
आणि त्याची चोवीस किलो तटकन गेली.
त्याआधीची दोन पिशवीत मेलेली.
त्याने पिवळी काढली.

तळहाताच्या टाचेवर एकदा आपटली.
थांबला.
पुन्हा आपटली, कानाजवळ नेऊन.
मग सगळं मैदान ओलांडून त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.
नाडी सुटलेली नव्हती.

तो गेम अकरा मिनिटं चालला.
चेंडू जाळीवरून जाताना आवाज बदलला होता,
जाड, जरा उशिराचा,
बांबूच्या पोटातून आल्यासारखा.
दोनदा त्याने चेंडू जाळीला लागून इतका हळू टाकला
की समोरचा पोरगा तांबड्या मातीत गुडघ्यांवर आला.
चौथ्या मॅच-पॉइंटला
रेघेच्या चार बोटं बाहेर.

हरलो. सात-पाच.
पाहुणे एकमेकांवर उड्या मारत होते.
माहेफा पाण्याच्या बाटल्या गोळा करत होता.
जाँ-यूग कुठल्याच भाषेत काही बोलला नाही.

सोमवारी सकाळी तांतेली घरी आला.
बाकोलीने भातावरचं पाणी दिलं, तो ते उभ्यानेच प्यायला.
पिवळी रॅकेट टेबलावर ठेवली.
किती किलो होती?
मी म्हटलं, तेवीस.
खोटं, तो म्हणाला,
आणि रॅकेट तिथेच सोडून
उतारावरून बस पकडायला गेला.